हात सैल सोडताना



'हात सैल सोडणे' याचा आपल्याकडे एकच अर्थ घेतात, तो म्हणजे उधळपट्टी. बाईचा हात कसा आखडता हवा. तेलाच्या बुधलीपासून बोलण्यापर्यंत सगळीकडेच. या अर्थाने पाहिले तर मी ज्या दोन दिवसांविषयी आज लिहिते आहे ते उधळपट्टीचेच दिवस होते. कागदाची, रंगाची, खळीची आणि चिंध्यांची उधळपट्टी. त्या निमित्ताने माझ्या हातून झालेली एक चूकही सांगायची आहे. खरे तर ती सांगण्यासाठीच या वेळचे संपादकीय मी मागून घेतले.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. अंबड तालुक्यातल्या एका गावी, ऊसतोडीला गेलेल्या बायका परतल्यावर, वैशाखात आम्ही चित्रांचे शिबिर घ्यायचे ठरवले. घर नाही, झाड नाही, फूल नाही, नुसते रंग आणि आकार. दुसऱ्या दिवशी चिकटचित्र, म्हणजे कोलाज. नियोजनाच्या बैठकीत एक ज्येष्ठ कार्यकर्ती म्हणाली, "गावात टँकर तीन दिवसांनी येतोय, अन् तू बायांच्या हातात ब्रश देणार?" मी काहीतरी उत्तर दिले, पण तिचा प्रश्न माझ्याही मनात होता. समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात आम्ही व्यक्तीबरोबरचे काम शिकलो, गटाबरोबरचे शिकलो, वस्ती-संघटन शिकलो. रंग कालवायला कोणी शिकवले नव्हते.

'जालना सोने का पालना' ही म्हण तुम्ही ऐकली असेल. १ मे १९८१ रोजी जिल्हा स्वतंत्र झाला. बियाणे कंपन्या, लोखंडी सळ्यांचे कारखाने, मोसंबीच्या बागा यांसाठी त्याचे नाव होते आणि आहे. या पाळण्याची दोरी ओढणारे हात कोणाचे, हे मात्र म्हण सांगत नाही. बियाण्याच्या प्लॉटवर संकरित कपाशीचे 'क्रॉसिंग' करतात ते आठवा. उमलायला आलेल्या कळीतले पुंकेसर दुपारी बोटांनी अलगद काढायचे, खूण करून ठेवायची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर फूल आणून त्यावर टेकवायचे. एका फुलाचे चुकले तर बियाण्यात भेसळ. हे काम बहुतांशी बायका आणि पोरींनी केले, कारण म्हणे त्यांची बोटे नाजूक. ज्या बोटांना वर्षानुवर्षे चूक माफ नव्हती, ती बोटे समाजमंदिरात कोऱ्या कागदासमोर येऊन बसली होती.

पहिला तास आमचा फसला. चोवीस बायका, चोवीस कागद, आणि जवळजवळ सगळ्यांवर एकच चित्र. दोन डोंगर, मधून उगवता सूर्य, खाली नदी, शेजारी नारळाचे झाड. अंबड तालुक्यात नारळ! पण शाळेच्या भिंतीवर, कॅलेंडरवर 'चित्र' म्हणून तेवढेच पाहिलेले. ज्यांना तेही जमेना त्या म्हणाल्या, "मला न्हाई येत वो ताई, कागद वाया जाईल." एकीच्या कागदावर रंगाचा थेंब पडला तर तिने पदराने पुसायला घेतला आणि पदरच खराब झाला म्हणून रडवेली झाली. 'वाया जाईल' हा शब्द त्या सकाळी मी किती वेळा ऐकला त्याला मोजदाद नाही.

शिबिराला आलेल्या चित्रकार मैत्रिणीने मग ब्रश गोळा करून पिशवीत टाकले. जमिनीवर जुनी वर्तमानपत्रे अंथरली. गव्हाच्या पिठाची खळ शिजवून आणली होती, ती घमेल्यात ओतून त्यात गेरू, नीळ, हळद कालवली आणि म्हणाली, "चित्र नका काढू. सारवा."

बायकांनी एकमेकींकडे पाहिले, आणि हात घमेल्यात गेले. सारवणाचा हात तुम्हाला माहीत आहे. खांद्यापासून निघतो, अर्धवर्तुळ घेतो, मागे सरकतो, पुन्हा अर्धवर्तुळ. पाच मिनिटांत वर्तमानपत्रांवर गेरूच्या लाटा उठल्या. कोणी त्यात निळा पंजा उमटवला, कोणी बोटांनी नांगरल्यासारख्या रेघा ओढल्या. एक मावशी हसून म्हणाल्या, "सारवताना कुनी इचारतं का, हे कशाचं चित्र हाय म्हनून?" अमूर्त चित्रकला म्हणजे काय हे मला त्या एका वाक्यात जेवढे कळले तेवढे कुठल्या प्रदर्शनात कळले नव्हते.

नागपूरला १९२४ साली जन्मलेले वासुदेव गायतोंडे आपल्या चित्रांना 'अमूर्त' म्हणू देत नसत, चित्र कुठल्या वस्तूचे नसते एवढेच त्यांचे म्हणणे. नसरीन मोहमदी (१९३७-१९९०) बडोद्याला शिकवत, आणि आजाराने हाताचा ताबा सुटत चालला असतानाही पट्टी-पेनाने अतिशय बारीक रेघांची चित्रे काढत राहिल्या. एकीची शिस्त, एकाची शांतता. आमच्या मावशींचे सारवण त्यांच्या पंक्तीला बसवण्याचा माझा आग्रह नाही. पण वस्तूविना आकार ही काही शहराची मक्तेदारी नाही, एवढे त्या दिवशी पटले.

माझ्या स्वतःच्या कागदाचे सांगते. मीही सारवायला बसले होते. संध्याकाळी पाहिले तर माझ्या कागदावर उभ्या-आडव्या रेघा होत्या आणि चौकोनांत रंग भरलेला. रकाने! अहवालांचे, लाभार्थींच्या यादीचे रकाने. बायकांचे हात सैल करायला निघालेल्या कार्यकर्तीचाच हात किती आखडला होता, ते त्या कागदाने मला दाखवले.

दुसरा दिवस चिकटचित्रांचा. कोलाज हा शब्द परका असला तरी काम परके नव्हते. गोधडी म्हणा, वाकळ म्हणा, घरोघरी बायकांनी हेच केले आहे. जुने लुगडे, बाळाचे झबले, नवऱ्याच्या सदऱ्याची पाठ एकत्र आणायची, कशाशेजारी काय शोभेल ते डोळ्यांनी ठरवायचे आणि धावदोरा घालायचा. त्याला आपण कधी कला म्हटले नाही आणि करणारीचे नावही कुठे लिहिले नाही. त्या दिवशी गाठोड्यांतून ब्लाउजच्या चिंध्या निघाल्या, लग्नपत्रिका निघाल्या, बियाण्याच्या रिकाम्या पिशव्या, गोळ्यांची पाकिटे, आणि कुठल्या कुठल्या योजनांच्या नाकारलेल्या अर्जांच्या झेरॉक्स. एकीने त्या झेरॉक्सचे असे बारीक बारीक तुकडे केले की पाहणाऱ्याला बरे वाटावे.

चिंध्यांची ही भाषा बायकांनी जगभर वापरली आहे. चिलीमध्ये ११ सप्टेंबर १९७३ रोजी लष्कराने सत्ता बळकावली आणि हजारो माणसे उचलली गेली. त्यांच्या आया, बायका, बहिणी चर्चच्या आश्रयाने चालणाऱ्या गटांत जमल्या आणि गोणपाटावर कापडाचे तुकडे शिवू लागल्या. काहींनी तर बेपत्ता माणसाच्याच कपड्यांचे तुकडे घेतले. ही कापडी चित्रे देशाबाहेर पोचली आणि तिथे काय चालले आहे ते त्यांनी जगाला सांगितले. जर्मनीत हान्ना होख या चित्रकर्तीने १९१९-२० मध्ये वर्तमानपत्रे-मासिके कापून एक मोठे चित्र केले आणि त्याच्या नावातच स्वयंपाकघरातली सुरी आणली. पोटासाठी ती एका प्रकाशन संस्थेत भरतकामाचे आणि लेसचे नमुने काढून देई. तिच्या एका पुरुष सहकाऱ्याने आठवणी लिहिल्या, त्यात तिचे योगदान कोणते? तर पैसे नसतानाही ती सँडविच, बिअर आणि कॉफी जुळवून आणायची! वाचताना आपल्या बैठकांतला चहा आठवतो की नाही?

आता चूक.

शिबिरातल्या एका तरुण बाईने काळ्या पट्ट्या शेजारी शेजारी चिकटवल्या होत्या आणि त्यांच्या मधोमध फुलांच्या पोपटी साडीचा एक जळका तुकडा. मी जवळ बसले आणि शिकल्याप्रमाणे विचारले, "हे काय दाखवलंय?" तिने कागद पालथा घातला. बाहेर आल्यावर चित्रकार मैत्रीण म्हणाली, "तू चित्राचा पंचनामा करतेस." मला राग आला. बोलते करणे हेच तर आमचे काम, असे मी म्हणाले.

पुढच्या ८ मार्चच्या मेळाव्यात मंडपाच्या कडेने आम्ही शिबिरातली चित्रे लावली. नावे लिहिली नव्हती. नाव नाही म्हणजे ओळख नाही, असे मी धरून चालले होते. गावात साडी ओळखायला नाव लागत नाही, हे माझ्या ध्यानात आले नाही. मेळाव्याला आलेल्या तिच्या नात्यातल्या माणसांनी तो पोपटी तुकडा ओळखला. घरची गोष्ट चव्हाट्यावर मांडली म्हणून तिला मार पडला. दोन महिने ती गटात आली नाही. आम्ही घरी गेलो तेव्हा दारातूनच म्हणाली, "तुमाला चित्र दिसलं ताई. त्यांना साडी दिसली."

मी तिची माफी मागितली. ती परत आली, तिच्या इच्छेने आणि तिच्या वेळेने. कौटुंबिक हिंसाचारविरोधी २००५ च्या कायद्याखाली अर्ज करायचा की नाही हेही तिनेच ठरवले. त्यात माझे काही श्रेय नाही. तिचा कागद भिंतीवर लावण्यापूर्वी तिला एकटीला बाजूला घेऊन विचारायला मला दोन मिनिटे लागली असती.

त्यानंतर आम्ही काही गोष्टी ठरवल्या. चित्र बाईचे आहे. तिने ते घरी न्यावे, आमच्या कपाटात ठेवावे, नाही तर चुलीत घालावे. 'हे काय आहे' असे विचारायचे नाही. ती सांगू लागली तर ऐकायचे. फोटो घ्यायचा तर संमती एकेकीला वेगळे विचारून घ्यायची, कारण गटात बसून नाही म्हणणे अवघड जाते. ओळखू येईल अशी वस्तू चित्रात असेल तर ते प्रदर्शनात नाहीच. आणि रंगांबरोबर दुखणे वर आले तर पुढची सोय आधी करून ठेवायची. दोन दिवस खळ कालवणे म्हणजे मानसोपचार नव्हे. तो दावा करू नका, समुपदेशकाचे काम समुपदेशकाकडेच राहू द्या.

आणखी एक मोह सांगायला हवा. ही चिकटचित्रे पाहून एकाने सुचवले, याची शुभेच्छापत्रे करा, बचत गटाला उत्पन्न होईल. उत्पन्न कोणाला नको? पण अमेरिकेतल्या अलाबामामधल्या गीज बेंड या वस्तीची गोष्ट इथे लक्षात घ्यावी. गुलामांच्या वंशातल्या, आपल्यासारख्याच कापसाच्या रानांत राबणाऱ्या या बायका कामाच्या जुन्या कपड्यांतून गोधड्या शिवत. १९६६ मध्ये, नागरी हक्कांच्या लढ्याच्या काळात, त्या भागात बायकांची सहकारी संस्था उभी राहिली. तिच्यामुळे हाती पैसा आला आणि मान ताठ झाली. पण मोठ्या दुकानांना सगळे नग एकसारखे लागत. १९७२ मध्ये एका मोठ्या कंपनीने त्यांच्याकडून कॉरड्युरॉय कापडाचे उशांचे अभ्रे शिवून घेतले. मापात जराही फरक चालत नसे. मात्र उरलेल्या तुकड्यांतून बायकांनी घरी स्वतःसाठी ज्या गोधड्या केल्या, त्या मनसोक्त होत्या. २००२ मध्ये गीज बेंडच्या गोधड्या ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत लागल्या तेव्हा लोक थक्क झाले. अभ्रेही लागतात आणि गोधडीही. पण मागणीबरहुकूम शिवलेल्या अभ्र्यालाच आपण अभिव्यक्ती म्हणू लागलो तर घोटाळा होईल. आम्ही शुभेच्छापत्रांचे काम वेगळे ठेवले. शिबिरातला एकही कागद विकला नाही.

मग या सगळ्यातून मिळाले काय? त्या ज्येष्ठ मैत्रिणीच्या प्रश्नाचे उत्तर मला द्यायलाच हवे. टँकर तीन दिवसांनीच येत राहिला. मजुरी वाढली नाही. दारू थांबली नाही. पुढच्या दिवाळीनंतर त्याच बायका पुन्हा कोयता घेऊन निघाल्या. रंगांनी हे सारे बदलेल असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका.

पण एक पाहिले. पाण्यासाठी ग्रामसभेत अर्ज द्यायचा होता तेव्हा नेहमीप्रमाणे सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी लिहायला घेणार, तोच ती सारवणाची मावशी म्हणाली, "आमीच लिवतो. खाडाखोड झाली तर झाली, दुसरा कागद घेऊ." अर्जात खाडाखोड झालीच. तो तसाच दिला गेला आणि त्याची पोचही त्यांनीच मागून घेतली. कागद वाया जाईल म्हणणाऱ्या बाईपासून दुसरा कागद मागणाऱ्या बाईपर्यंतचे हे अंतर लहान नाही. आपल्या पोस्टरांनी, गाण्यांनी, पथनाट्यांनी काय म्हणायचे ते बायकांच्या तोंडी दिले, आणि ते गरजेचे होते. पण चुकण्याचा हक्कही कुठेतरी सरावाने मिळवावा लागतो. समाजमंदिराच्या फरशीवर तो कमी धोक्यात मिळतो.

ती ज्येष्ठ मैत्रीण पुढच्या शिबिराला आली. आधी कोपऱ्यात बसली होती. दुपारी पाहिले तर तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत गेरूने माखलेले. काय काढले ते मी विचारले नाही.

तुमच्या गटात हे करून पाहावेसे वाटले तर खर्च फार नाही. रद्दी, पीठ, गेरू, नीळ, हळद, चिंध्या आणि दार लावून घेता येईल अशी एक खोली. आधी तुम्ही कार्यकर्त्यांनी बसा, मग बायकांना बोलवा. आणि कसे झाले ते आम्हाला कळवा. फसले असेल तर नक्की कळवा.