सोबत काम करताना मन जुळलं तर

"आपा, पोरीची नोकरी सोडवू का?"

हिंगणघाटहून एका भगिनीचा फोन होता. सलामसुद्धा अर्धाच झाला आणि त्या रडायला लागल्या. त्यांची मुलगी एका खाजगी दवाखान्यात लॅब टेक्निशियन आहे. नोकरीला तीन वर्षं झाली. तिथेच ऑफिसचं काम पाहणारा एक मुलगा आहे. आधी कामापुरतं बोलणं, मग डबा सोबत खाणं, मग घरी आल्यावरही फोन. मुलगा आपल्याच समाजातला, घराणं ऐकिवात वाईट नाही. पण ही गोष्ट आईला मुलीकडून कळली नाही, शेजारणीकडून कळली. दुःख त्याचंच जास्त होतं.

"तिचे अब्बू म्हणतात, उद्यापासून घरी बसव. पण आपा, धाकट्याच्या आयटीआयची फी तिच्याच पगारातून जाते. काय करू?"

मी म्हटलं, "आज काहीच करू नका. आधी मुलीला माझ्याशी बोलू द्या."

दुसऱ्या दिवशी मुलीचा फोन आला. आवाजात थोडी भीती, थोडा राग. "आपा, आम्ही काही वावगं केलेलं नाही. आम्हाला निकाहच करायचा आहे. फक्त घरी सांगायला थोडा वेळ हवा होता."

"दवाखान्यात कुणाला माहीत आहे?"

"सगळ्यांनाच. पण तोंडावर कुणी बोलत नाही."

"ड्यूटी चार्ट कोण बनवतं?"

ती जरा थांबली. "तेच बनवतात."

"तुझी शेवटची रात्रपाळी कधी होती?"

आधी ती हसली. मग गप्प झाली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "चार-पाच महिने झाले असतील."

"मग तुझ्या वाटच्या रात्री कोण करतं?"

तिने जिचं नाव सांगितलं ती एक विधवा बाई आहे. दोन लहान मुलं, घर शेजारच्या खेड्यात, येणं-जाणं एसटीने. रात्रपाळी असली की मुलांना दिराकडे ठेवून येते. तिने कधी तक्रार केली नाही. करणार तरी कुणाकडे? चार्ट बनवणाऱ्याकडेच ना?

वाचक बहिणींनो, भावांनो, या महिन्यात मला याच बाईबद्दल बोलायचं आहे. एकाच ठिकाणी काम करणाऱ्या दोघांचं मन जुळलं की सगळ्यांचे डोळे त्या दोघांवर लागतात. आई-वडिलांना इज्जतीची काळजी, शेजाऱ्यांना चघळायला विषय, मालकाला कामाची चिंता. त्या दोघांना तर एकमेकांशिवाय कुणी दिसतच नाही. आणि या सगळ्यात ज्याने काहीच केलेलं नाही अशा तिसऱ्या माणसाच्या पदरात रात्रपाळी पडते. त्याच्याकडे कुणी पाहत नाही.

आपल्याकडे हुकूकुल इबाद, म्हणजे बंद्यांचे हक्क, हा शब्द आपण लहानपणापासून ऐकतो. दुसऱ्याचा हक्क मारला तर ज्याचा मारला त्यानेच माफ केल्याशिवाय सुटका नाही, हेही ऐकतो. पण हे ऐकताना आपल्या डोळ्यांसमोर जमिनीचा बांध येतो, उधारीचे पैसे येतात. ड्यूटी चार्ट येत नाही. त्या मुलीने कुणाचा एक रुपया घेतला नव्हता. पण एका आईच्या कितीतरी रात्री तिच्याकडे जमा झाल्या होत्या, आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता.

कामाच्या जागेचं नुकसान असंच होतं, आवाज न करता. साहेबाचं मन जिच्याकडे आहे तिच्यासमोर इतर लोक मोकळं बोलत नाहीत. चूक झाली तर कुणी दाखवत नाही, आणि दवाखान्यासारख्या ठिकाणी न दाखवलेली चूक पेशंटला भोवते. तिने खरंच चांगलं काम करून बढती मिळवली तरी लोक म्हणतात, "मिळणारच होती." म्हणजे फायदा मिळतो असं वाटतं त्या मुलीचंसुद्धा नुकसानच. तिच्या मेहनतीवर तिचं नाव लागत नाही.

आणि जुळलेलं मोडलं तर? माझ्या माहितीतल्या एका शाळेत दोन शिक्षकांचं ठरलं होतं, मग मोडलं. त्या वर्षी स्टाफरूममध्ये दोन टेबलं झाली. एका टेबलावरचा चहा दुसऱ्या टेबलावर जाईना. सहामाहीच्या पेपर तपासणीवरून भांडण झालं आणि शेवटी बदली मागितली ती मुलीने. असं झालं की जागा सोडते ती बहुतेक मुलगीच. म्हणूनच सांभाळून पावलं टाकण्याची गरज तिला जास्त आहे.

मग सोबत काम करणाऱ्यांनी लग्नच करू नये का? तसं मी म्हणणार नाही. आपल्या वर्धा जिल्ह्यातच याचं एक फार सुंदर उदाहरण आहे, ते आपण विसरून गेलो आहोत.

आर्यनायकम हे श्रीलंकेतल्या जाफन्याचे तमिळ ख्रिस्ती गृहस्थ. आशादेवी बंगाली. रवींद्रनाथ टागोरांच्या शांतिनिकेतनात दोघं काम करत होते. तिथे ओळख झाली, लग्न झालं आणि पुढे दोघंही वर्ध्याला आले. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. हाताने काम करत शिकण्याची, म्हणजे नई तालीमची, कल्पना तिथे मांडली गेली. अभ्यासक्रम तयार करायला एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते जामिया मिल्लियाचे डॉ. झाकिर हुसेन, जे पुढे १९६७ साली देशाचे राष्ट्रपती झाले. समितीत विनोबा होते, काकासाहेब कालेलकर होते, ख्वाजा गुलामुस सय्यदैन होते. आर्यनायकम निमंत्रक होते आणि सदस्यांमध्ये आशादेवीही होत्या.

नवरा-बायको एकाच समितीत! आज एखाद्या संस्थेत असं झालं तर किती कुजबुज होईल? पण तिथे दोघांचं नातं सगळ्यांना माहीत होतं आणि दोघांच्याही वर बसून निर्णय घेणारा माणूस तिसराच होता. पुढे १९३८ साली हिंदुस्थानी तालिमी संघ स्थापन झाला आणि या जोडप्याने सेवाग्रामात अनेक वर्षं मुलांना शिकवलं. त्यांचा स्वतःचा लहान मुलगा तिथेच दगावला, तरी त्यांनी ते काम सोडलं नाही. १९५४ साली आशादेवींना पद्मश्री मिळाली ती त्यांच्या स्वतःच्या कामासाठी. त्यांचं नाव नवऱ्याच्या नावाखाली झाकलं गेलं नाही.

त्याच सेवाग्राम आश्रमात कनू गांधी आणि आभा चॅटर्जी यांचंही जुळलं. कनू हे गांधीजींच्या पुतण्याचे चिरंजीव. आश्रमातली लिखापढी पाहायचे आणि फोटोही काढायचे. आभा बंगालहून लहान वयात आश्रमात आलेली. आश्रमात नियम किती कडक होते ते आपल्याला ठाऊक आहे. पण तिथेही हे नातं अंधारात राहिलं नाही. वडीलधाऱ्यांना माहीत होतं, मुलीचं वय लहान म्हणून त्यांना थांबावं लागलं, आणि १९४४ साली लग्न झालं. पुढे गांधीजींच्या अखेरच्या दिवसापर्यंत आभा त्यांच्या सेवेत होत्या.

ही दोन्ही उदाहरणं पाहिली की एक गोष्ट लक्षात येते. नात्याने काम बिघडत नाही. लपवाछपवीने बिघडतं, आणि एकाच्या हातात दुसऱ्याचा चार्ट, पगार, रजा किंवा बढती असली की बिघडतं.

सरकारलाही नवरा-बायकोने नोकरी करण्याचं वावडं नाही. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्यांमध्ये पती-पत्नी एकत्रीकरण हा शब्द आपण ऐकतोच. दोघांना जवळच्या शाळा मिळाव्यात म्हणून ती सोय आहे. सकाळी एकाच मोटारसायकलवर डबे अडकवून निघालेली अशी जोडपी देवळी-आर्वीच्या रस्त्यांवर किती तरी दिसतात. आणि लग्न झालं म्हणून मुलीला काढून टाकायचा हक्क मालकाला आहे, असंही कुणी समजू नये. मुंबईच्या एका औषध कंपनीत पॅकिंग विभागातल्या मुलीचं लग्न झालं की तिची नोकरी आपोआप संपायची. कामगार संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली आणि १९६५ साली न्यायालयाने संघटनेच्या बाजूने निकाल दिला.

आता अधिकाराची गोष्ट. वरच्या जागेवरच्या माणसाने खालच्या जागेवरच्या मुलीला विचारलं, तर तिला "नाही" म्हणणं सोपं असतं का? ती हसून विषय बदलते, आणि त्याला वाटतं होकार आहे. हजरत खदीजा (रजि.) यांची गोष्ट आपण निकाहच्या बयानात नेहमी ऐकतो, पण त्यातली एक बाजू आपल्या नजरेतून सुटते. त्या मालकीण होत्या. प्रेषित मुहम्मद (स.) त्यांचा माल घेऊन शामच्या व्यापाराला गेले होते. त्यांचा खरेपणा खदीजांनी कामातच पाहिला. पण सीरतच्या ग्रंथांत येतं की आपला विचार त्यांनी नफीसा नावाच्या ओळखीच्या बाईमार्फत कळवला. मध्ये तिसरं माणूस असलं की समोरच्याला नको म्हणायलाही वाट राहते, आणि कुणाची मान खाली जात नाही. मग दोन्हीकडची वडीलधारी मंडळी बसली आणि निकाह झाला. कामातून ओळख, ओळखीतून विश्वास, विश्वासातून उघड पैगाम. किती सरळ रस्ता आहे!

आणि जिथे पैगाम नसून त्रास आहे, तिथे गप्प बसू नका. १९९७ च्या विशाखा निकालानंतर आणि २०१३ च्या कायद्यानंतर, दहा किंवा जास्त लोक काम करतात अशा प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असलीच पाहिजे. तिची अध्यक्ष बाईच असते आणि एक सदस्य बाहेरचा असतो. दहापेक्षा कमी लोक असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तक्रार लेखी द्यायची असते, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. उशिराला सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने मिळू शकतात. हेही लक्षात ठेवा की एके काळी होकार होता म्हणून नातं तुटल्यावरही पाठलाग करण्याचा, धमकावण्याचा हक्क कुणाला मिळत नाही. आज "नाही" म्हटलं तर ते आजपासून नाहीच.

त्या मुलीला मी तीन गोष्टी सांगितल्या. पहिली, आज रात्री अम्मीजवळ बस आणि स्वतःच्या तोंडाने सगळं सांग. शेजारणीने सांगितलेलं आणि तू सांगितलेलं यात फार फरक आहे. दुसरी, त्या मुलाला म्हण, इरादा पक्का असेल तर या महिन्यात घरच्यांना पाठव. टाळाटाळ केली तर तेही उत्तरच समज. तिसरी, डॉक्टरांना सांगून तुझा चार्ट दुसऱ्या कुणाच्या हाती दे. लग्न ठरेपर्यंत थांबू नकोस, उद्याच दे.

"आणि त्या ताईंचं?" तिनेच विचारलं. मला बरं वाटलं.

"त्यांच्या रात्री तू कर. माफी मागशीलच, पण आधी रात्री कर."

तिच्या आईला मात्र मी एकच गोष्ट सांगितली. मुलीला घरी बसवलं तर शिक्षा तिला होईल, मुलाचा पगार तसाच चालू राहील, आणि उद्या धाकटी कमवायला लागली की ती तुमच्यापासून आणखी चांगलं लपवायला शिकेल. घरात खरं बोलल्याची किंमत नोकरी जाणं अशी असेल, तर खरं कोण बोलेल? मुलाची चौकशी जरूर करा. घर बघा, दीन बघा, त्याचा स्वभाव त्याच्या हाताखालच्या शिपायाला विचारा. नाही पटलं तर नाही म्हणा, तो तुमचा हक्क आहे. पण मुलीचं म्हणणंही ऐका. निकाहमध्ये तिची रजामंदी लागते, हे आपण दुसऱ्यांना अभिमानाने सांगतो. मग आपल्या घरातही ती मागायला हवी.

मागच्या आठवड्यात त्या भगिनीचा पुन्हा फोन आला. मुलाकडची मंडळी येऊन गेली, बोलणी चालू आहेत. काय ठरेल ते अल्लाहला ठाऊक. मुलगी अजून कामावर जाते. चार्ट आता डॉक्टरांची मोठी नर्स बनवते.

"आणि आपा," त्या म्हणाल्या, "या आठवड्यात तिला सलग तीन रात्रपाळ्या आहेत. डोळे सुजलेत पोरीचे."

मी म्हटलं, "सुजू द्या. त्या दुसऱ्या आईचे उतरत असतील."