बाजारांतील गणित व वर्गांतील गणित

‘ढ’ हा शब्द उच्चारण्यास अगदीं सोपा आहे. परंतु ज्या मुलाच्या कपाळीं तो एकदां चिकटला, त्याच्या मनांतून तो पुसून टाकण्यास कधीं कधीं सारें आयुष्य अपुरें पडतें. आमच्या शाळांतून हा शब्द बहुधा गणिताच्या तासालाच जन्मास येतो. ज्याला फळ्यावरची वजाबाकी येत नाहीं त्याला बुद्धीच नाहीं, असा आपल्यापैकीं बहुतेकांचा समज आहे. हा समज कितपत खरा आहे, याचा शांतपणें विचार करण्याची वेळ आतां आली आहे. कारण मुलांच्या गणितबुद्धीविषयीं ज्यांनीं पद्धतशीर शोध केला आहे, त्यांचें म्हणणें निराळेंच आहे.

प्रथम आमचीच एक चूक सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांत एक मुलगा होता. हातच्याची वजाबाकी त्याला कधींच साधत नसे. त्याच्या वहींत आम्हीं तांबड्या शाईनें इतक्या वेळां फुल्या मारल्या कीं, पुढें पुढें त्यानें वही दाखविणेंच सोडून दिलें. एके दिवशीं कोपरगांवच्या आठवड्याच्या बाजारांत तोच मुलगा आईशेजारीं गोणपाटावर बसलेला दिसला. आम्हीं सव्वा किलो कांदे, दोन जुड्या मेथी व पावशेर मिरची घेतली आणि पांचशेंची नोट पुढें केली. कागद नाहीं, पेन्सिल नाहीं. तागडी खालीं ठेवतां ठेवतां मुलानें रक्कम सांगितली आणि उरलेले पैसे मोजून आमच्या हातांत दिले. घरीं येऊन आम्हीं तो हिशेब कागदावर मांडून पाहिला. एका पैचाहि फरक नव्हता. त्या दिवशीं लाज कोणास वाटावयास हवी होती, हें सांगणें नको.

हा एकाच मुलाचा अपवाद म्हणून सोडून देतां आला असता. पण तसें नाहीं. ब्राझील देशांतील रेसिफे शहरांत तीन संशोधकांनीं रस्त्यावर विक्री करणाऱ्या नऊ ते पंधरा वर्षांच्या पांच मुलांची परीक्षा घेतली व १९८५ सालीं ती प्रसिद्ध केली. विक्री करतांना या मुलांचीं शेंकडा ९८ उत्तरें बरोबर आलीं. तेंच गणित शाब्दिक उदाहरणाच्या रूपानें घातलें तेव्हां शेंकडा ७४. आणि नुसते आंकडे कागदावर मांडून दिले तेव्हां अवघीं ३७. एका मुलाला पस्तीसचा एक याप्रमाणें दहा नारळांची किंमत विचारली असतां त्यानें पस्तिसापुढें शून्य मांडलें नाहीं. तीन नारळांचे एकशें पांच, आणखी तिहींचे मिळून दोनशें दहा, पुन्हां तिहींचे मिळून तीनशें पंधरा, आणि राहिलेल्या एकाचे मिळून तीनशें पन्नास, असा त्यानें हिशेब केला. रीत लांबची खरी. परंतु ती त्याची स्वतःची होती आणि ती त्याला समजलेली होती.

पांच मुलांवरून सिद्धान्त बांधूं नये, असें कोणी म्हणेल. त्यालाहि आतां उत्तर मिळालें आहे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, एलिझाबेथ स्पेल्की व त्यांचे सहकारी यांनीं कोलकाता व दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या १,४३६ मुलांची पाहणी केली. तिचा वृत्तान्त २०२५ च्या फेब्रुवारींत ‘नेचर’ या शास्त्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. संशोधक गिऱ्हाईक होऊन जात आणि मुद्दाम अडचणीचीं मापें मागत. वीस रुपये किलोचे आठशें ग्रॅम बटाटे आणि पंधरा रुपये किलोचे एक किलो चारशें ग्रॅम कांदे, मिळून किती? सदतीस. दोनशेंची नोट दिली; परत किती? एकशें त्रेसष्ट. बहुतेक सर्व मुलें असे हिशेब तोंडीं व अचूक करीत. मात्र याच तोडीचें, किंबहुना याहूनहि सोपें उदाहरण शाळेच्या पद्धतीनें नुसत्या आंकड्यांत मांडून पुढें ठेवलें, कीं तींच मुलें अडखळत. ही पाठांतराची करामत नव्हती, किंवा कोणाची मदत होती असेंहि नव्हे. हें संशोधकांनीं निरनिराळ्या प्रकारें पडताळून पाहिलें आहे.

आतां या चित्राची दुसरी बाजू पाहावी. जवळच्याच शाळांतील, विक्रीचा अनुभव नसलेल्या ४७१ मुलांनाहि तपासण्यांत आलें. कागदावरचीं सोपीं उदाहरणें त्यांना अधिक चांगलीं येत. परंतु बाजाराचें जें एक उदाहरण काम करणाऱ्या मुलांपैकीं एक तृतीयांशाहून अधिक मुलांनीं सोडविलें, तें या शाळकरी मुलांपैकीं शंभरांत एकालाच सुटलें. त्यांची रीत इतकी लांबलचक व मंद होती कीं, ती व्यवहारांतहि उपयोगी नाहीं व वरच्या गणितांतहि नाहीं. म्हणजे नापास कोण झालें? बाजारांतील मूल कीं वर्गांतील मूल? आमच्या मतें दोघेंहि नव्हेत. त्या दोघांना जोडणारा पूल ज्यांनीं बांधावयाचा, ते आपण शिक्षक व पालक नापास झालों आहों.

हा पूल आपोआप बांधला जात नाहीं, हेंहि ध्यानांत ठेवलें पाहिजे. दिल्लींतील २१४ बालवर्गांतील १,५४० मुलांना संख्या व आकृति यांचे खेळ देऊन पाहिलेला एक प्रयोग २०१७ सालीं प्रसिद्ध झाला. खेळांमुळें मुलांची उपजत समज वाढली आणि ती वर्षाहून अधिक काळ टिकली. परंतु पहिलीच्या अंकगणितांत त्याचा कांहीं टिकाऊ लाभ दिसला नाहीं. तेव्हां ‘मुलांना नुसतें खेळूं द्या, गणित आपोआप येईल’ हें म्हणणें जितकें भोळें, तितकेंच ‘नुसतें घोकून घ्या, समज आपोआप येईल’ हेंहि भोळेंच होय. खेळ, व्यवहार व चिन्हें यांची गांठ कोणीतरी जाणून बुजून घालून द्यावी लागते. आणि त्या कोणीतरीचेंच नांव शिक्षक.

महाराष्ट्राला ही गोष्ट अगदींच नवी आहे काय? जुन्या पंतोजींच्या शाळेंत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी व औटकी हे पाढे म्हणवून घेत. छडीच्या धाकानें, अर्थ न सांगतां घोकून घेण्याची ती रीत दोषास्पदच होती, व ती गेली हें ठीकच झालें. तथापि त्या पाढ्यांचा बाजाराशीं प्रत्यक्ष संबंध होता. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें दिलेल्या निवेदनांत महात्मा जोतीराव फुले यांनीं प्राथमिक शाळांतून मोडी व बाळबोध लेखन-वाचनाबरोबर हिशेब व शेतीचें मूलज्ञान शिकवावें, असा आग्रह धरला होता. पुढें १ एप्रिल १९५७ रोजीं दशमान नाणीं आलीं. रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नये पैसे झाले. शेर-मणाच्या जागीं किलो आला. सोय झाली, पण पावकी-निमकीबरोबर तोंडी हिशेबाची सवयहि शाळेंतून हळूहळू हद्दपार झाली. बाजारांत मात्र ‘पावशेर’ अजून जिवंत आहे!

दुसरें उदाहरण ताराबाई मोडक यांचें. १९४५ सालीं तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी येथें त्यांनीं ग्रामीण मुलांसाठीं बालशिक्षणाचें केंद्र काढलें. मुलें शाळेंत येईनात, तेव्हां त्या शाळाच मुलांच्या अंगणांत घेऊन गेल्या. मॉंटेसरी बाईंचीं महागडीं साधनें खेड्यांत कोठून येणार? म्हणून शिंपले, बिया, पानें, खडे अशा मुलांच्या ओळखीच्या वस्तूंनाच त्यांनीं साधनांचें स्वरूप दिलें. मुलाच्या हातांत जें आहे तेथूनच शिक्षणास आरंभ करावा, हा धडा अनुताई वाघ यांनींहि पुढें आयुष्यभर गिरविला.

आपल्या तालुक्यांत तर हा प्रश्न दाराशींच उभा आहे. कोळपेवाडी व सहजानंदनगर येथील साखर कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू झाला म्हणजे बाहेरून आलेल्या ऊसतोडणी कामगारांच्या कोप्या माळावर उभ्या राहतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, आणि त्यांच्या मागोमाग त्यांचीं मुलें. मोळ्या किती झाल्या, गाडींत टन किती भरले, वाढ्यांचा शेंकडा भाव काय, हें त्या मुलांच्या रोजच्या कानांवरचें गणित आहे. हंगाम संपून तीं गांवीं परततात तेव्हां वर्ग पुढें गेलेला असतो, आणि त्यांच्या ठायीं काय आहे हें न विचारतां काय नाहीं तेंच मोजलें जातें.

आमचें म्हणणें विपरीत समजलें जाऊं नये. मुलांनीं बाजारांत राबावें, असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालील मुलांना कामाला लावण्यास कायद्यानें बंदी आहे. शाळेच्या वेळेबाहेर घरच्या धंद्यांत हातभार लावण्यास कांहीं सवलत आहे. तसेंच कागदावरचें गणित निरुपयोगी आहे, असेंहि आमचें म्हणणें नाहीं. बीजगणित, भूमिति व पुढील सारीं शास्त्रें चिन्हांच्याच वाटेनें जातात. ज्या मुलाला तोंडीं हिशेब येतो पण तो लिहितां येत नाहीं, त्याच्यापुढें त्या सर्व विद्यांचें दार बंद राहतें. म्हणूनच तर तें दार उघडण्याची निकड अधिक आहे.

यासाठीं मोठा खर्च नको. शिक्षकानें ‘उत्तर काय आलें?’ याच्याबरोबर ‘तूं तें कसें काढलेंस?’ असें विचारावें. मुलानें तोंडीं सांगितलेली रीत त्याच्याच शब्दांत फळ्यावर लिहावी, आणि मग तिच्याशेजारीं पुस्तकांतील रीत मांडून दोन्ही एकच कशा, हें दाखवावें. आठशें ग्रॅम म्हणजे किलोला दोनशें कमी, म्हणून विसांतून चार वजा, हें मुलाच्या तोंडून येऊं द्यावें. दशांश चिन्ह त्याच्या मागोमाग यावें. आणि ज्यांना बाजार ठाऊक नाहीं अशा मुलांना पालकांनीं पिशवी व पैसे देऊन भाजीला पाठवावें, व परत आल्यावर हिशेब विचारावा.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या शेजारच्या बांकावर बसणारा एखादा मुलगा फळ्यापुढें गोंधळतो म्हणून त्याला हंसूं नका. कदाचित् तो आठवड्यांतून एकदां जें गणित करून घरची चूल पेटवितो, तें तुम्हांस व आम्हांसहि कागदावांचून जमणार नाहीं. त्याच्याकडून तें शिका, व तुमचें त्याला शिकवा.

त्या मुलाच्या वहींतील तांबड्या फुल्या आतां आम्हांस पुसतां येत नाहींत. नव्या फुली मारण्यापूर्वीं मात्र त्या आम्हांस आठवतात, आणि लेखणी क्षणभर थांबते. तेवढें थांबणें प्रत्येक शिक्षकाच्या हातून घडावें, एवढीच विनंति.