चला भटकायला : बर्फाचं जातं

काय दोस्तांनो, सामान भरलंत? स्वेटर नि कानटोपी हवीच हं, भर जुलैतसुद्धा! कारण आज आपण निघालोय कॅनडातल्या रॉकी पर्वतात. लेक लुईसपासून जॅस्परपर्यंत सुमारे २३० किलोमीटरचा हा रस्ता, नाव आइसफील्ड्स पार्कवे. १९३० नंतरच्या मंदीत बेकारांना काम मिळावं म्हणून तो बांधायला घेतला आणि १९४० मध्ये पुरा झाला.

आता डावीकडे बघा! आधी बो तळं, पुढे पेटो तळं. उंचावरून पाहिलं की वाटतं, कुणी मोरपिशी रंगाची बाटलीच उपडी केलीय. हा रंग आला कुठून? जात्यातून! वरची हिमनदी म्हणजे भलंमोठं जातंच. स्वतःच्या वजनानं ती हळूहळू खाली सरकते आणि तळाचे खडक घासून त्यांचं पीठ करते. बर्फ वितळला की हे पीठ पाण्याबरोबर तळ्यात येतं. ते इतकं बारीक, की चटकन तळाशी बसत नाही. त्याचे कण उन्हातला निळा-हिरवा प्रकाश आपल्याकडे परत पाठवतात. झालं, तळं मोरपिशी!

आणखी पुढे गेलो की अथाबास्का हिमनदी. इथं उतरा आणि पायवाटेनं चला. वाटेत सालांच्या पाट्या दिसतील. ही बघा १९८२ ची. त्या साली बर्फ इथपर्यंत होता. तुमच्यापैकी कित्येकांचे आईबाबा तेव्हा रांगत असतील! आज मात्र समोर नुसते दगडगोटे. बर्फ गाठायला अजून बरंच चालावं लागतं. गेल्या सव्वाशे वर्षांत ही हिमनदी दीड किलोमीटरहून जास्त मागे हटलीय. कोळसा नि पेट्रोल जाळून आपण माणसांनी हवा तापवली, हे त्याचं मोठं कारण.

आता सांगा, जातंच थांबलं तर पीठ कुठून येणार? मग तळ्यांचा तो मोरपिशी रंगही जाणार.

घरी परतल्यावर एक काम करा. आजी-आजोबांना विचारा, त्यांच्या लहानपणी गावच्या नदीला पाणी कुठल्या महिन्यापर्यंत असायचं? यंदा कधीपर्यंत होतं? दोन्ही उत्तरं साल घालून वहीत लिहा. ती तुमच्या गावची पाटी!