परिचारिकेची नोंदणी आणि मालकाची मोकळीक

लोकसभेने २८ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोगाचे विधेयक गदारोळातच संमत केले आणि ऑगस्टमध्ये त्याचा कायदा झाला. १९४७ सालच्या भारतीय परिचर्या परिषद कायद्याची जागा घेण्यासाठी तो करण्यात आला. जुना कायदा बदलणे अगत्याचे होते, याविषयी वाद नाही. दर ४३ हजार लोकांमागे एक परिचारिका, असे देशाचे चित्र भोर समितीने १९४६ साली मांडले होते. त्या काळी उभारलेली यंत्रणा आजच्या खासगी परिचर्या महाविद्यालयांच्या बाजाराला पुरी पडणे शक्यच नव्हते.

नव्या कायद्याने शिक्षण, संस्थांचे मूल्यमापन आणि आचार व नोंदणी यांसाठी तीन मंडळे योजिली आहेत. देशभराची एक नोंदवही आणि प्रवेशाची समान पद्धती आणली आहे. प्रसाविकेचा व्यवसाय शीर्षकातच परिचर्येच्या बरोबरीला आला, हे स्वागतार्हच. सुईणीला अडाणी ठरवून बाजूस सारायचे आणि तिची जागा घेणाऱ्या शिक्षित प्रसाविकेला मात्र डॉक्टरची मदतनीस मानायचे, अशी आपली रीत आहे. सोलापूरने डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे स्मारक अभिमानाने जपले. त्यांच्या पत्नी कुओ चिंगलान चीनमध्ये परिचर्येचे शिक्षण देत होत्या, हे किती सोलापूरकरांना ठाऊक असेल?

परंतु आयोगाचे २९ सदस्य आहेत ते पदसिद्ध किंवा नियुक्त. जुन्या परिषदेत राज्य परिषदांनी निवडून पाठविलेल्या परिचारिका असत. त्या निवडणुका आदर्श होत होत्या असे कोणी म्हणणार नाही. तरीही मताचा अधिकार सदोष होता म्हणून तो काढूनच घ्यावा, हा न्याय कामगार चळवळीने आजवर कोठेही मान्य केलेला नाही. नियुक्त सदस्यांत उच्चशिक्षित परिचारिका असतीलही, पण त्यांचे उत्तरदायित्व नेमणाऱ्याशी राहील, रात्रपाळी करणाऱ्या भगिनींशी नाही.

याहून गंभीर उणीव वेतनाची आहे. श्रम विकणाऱ्या परिचारिकेची पात्रता, वर्तन, नोंदणी या साऱ्यांवर कायद्याचे नियंत्रण. श्रम विकत घेणाऱ्याने त्यांची किंमत काय द्यावी, याविषयी मात्र मौन. अशा एकतर्फी नियमनाचा परिणाम अर्थशास्त्राच्या प्राथमिक विद्यार्थ्यालाही सांगता येईल. पात्रता मिळविण्याचा खर्च वाढतो, तो कुटुंबाच्या डोक्यावर पडतो आणि वेतन होते तेथेच राहते. कर्ज काढून शिकलेली मुलगी मिळेल त्या पगारावर रुजू होते. काही ठिकाणी तिची मूळ प्रमाणपत्रेही अडकवून ठेवली जातात. आणि पात्र परिचारिका महाग वाटली की मालक तिच्याऐवजी शिकाऊ, अर्धशिक्षित मुलीला पांढरा वेष चढवून उभी करतो. त्याची शिक्षा रुग्ण भोगतो.

वेतनाचा प्रश्न नवा नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ सालच्या आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने मोजमापच आखून दिले. दोनशेहून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयाने सरकारी परिचारिकेइतके वेतन द्यावे. शंभराहून अधिक खाटा असल्यास त्यात दहा टक्क्यांहून अधिक तूट नसावी. पन्नास ते शंभर खाटांसाठी ही मर्यादा पंचवीस टक्के. आणि पन्नासहून कमी खाटा असल्या तरी किमान २०,००० रुपये. अंमलबजावणी राज्यांवर सोपविली गेली. केरळमध्ये परिचारिकांनी दीर्घ लढा दिला, तेव्हा २०१८ साली तेथील सरकारने किमान वेतनाची अधिसूचना काढली. महाराष्ट्रात २०२२ साली सरकारी परिचारिकांना संप करावा लागला तो भरती बाह्य संस्थेमार्फत करण्याच्या निर्णयाविरुद्ध. सरकारच कंत्राटाच्या वाटेने निघाले, तर खासगी मालकाने आदर्श कोणाचा घ्यावा?

गिरण्यांचे भोंगे थांबल्यावर सोलापुरात जे व्यवसाय वाढले, त्यांत रुग्णालये आघाडीवर आहेत. धाराशिव, लातूर, कलबुर्गी, विजयपूर येथून रुग्ण येतात. विडी कामगार आणि यंत्रमाग कामगार स्त्रियांचे लढे या शहराने पाहिले. त्यांच्या पुढच्या पिढीतील परिचारिका मात्र दहा-वीस खाटांच्या रुग्णालयांत विखुरलेल्या आणि असंघटित आहेत. लहान रुग्णालयाचे चालक वेतनवाढीने रुग्णाचे बिल वाढेल असे म्हणतात. त्यांची अडचण सर्वस्वी खोटी नाही. परंतु ज्या रुग्णालयांना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे पैसे मिळतात, त्यांनी परिचारिकांचे वेतनपत्रक दाखवावे, ही अट घालण्यास कोणती अडचण आहे?

दुसरे साधन तर शहरातच आहे. १९४९ सालच्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्यानुसार, पात्र परिचारिकांचे योग्य प्रमाण नसल्यास शुश्रूषागृहाची नोंदणी नाकारता येते आणि महापालिकेच्या हद्दीत हा अधिकार महापालिकेचा आहे. किती अर्ज या कारणाने फेटाळले गेले, प्रत्येक रुग्णालयात नोंदणीकृत परिचारिका किती आणि त्यांचे नोंदणी क्रमांक कोणते, ही माहिती कार्यकर्त्यांनी माहितीच्या अधिकाराखाली मागवावी आणि प्रभागवार यादी करून ती परिचारिकांच्याच हाती द्यावी. संघटनेचे पहिले सभासदपत्रक त्या यादीतूनच तयार होईल.