बारा व्होल्टांचा रविवार

वीज नसलेल्या घरात टीव्ही असतो, असे शहरातल्या माणसाला सांगितले की तो प्रथम हसतो. ‘दिव्याचा पत्ता नाही आणि टीव्ही कशाला?’ असा त्याचा सवाल असतो. सवाल वरवर बिनतोड वाटतो. पण घाटमाथ्यावरच्या वाड्यांतून हिंडताना कंदिलाच्या उजेडात चाललेले संच मी पाहिले आहेत, आणि तेव्हापासून माझे मत झाले आहे की, असा सवाल करणाऱ्याला त्या घराची गरज काय आहे ते कळलेलेच नसते.

२५ जानेवारी १९८७ रोजी ‘रामायण’ मालिका सुरू झाली. पाठोपाठ ऑक्टोबर १९८८ मध्ये ‘महाभारत’ आले. रविवारी सकाळी शहरातले रस्ते ओस पडत, ही आठवण आता घासून गुळगुळीत झाली आहे. ज्या वाड्यांनी विजेचा खांबच पाहिला नव्हता, त्यांच्या रविवारची गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. त्यांची तयारी शनिवारीच सुरू होई. कुणाच्या ट्रॅक्टरची बॅटरी सोडवून आणायची, नाहीतर वर्गणीतून घेतलेली बॅटरी सायकलच्या कॅरिअरला सुतळीने बांधून बाजाराच्या गावी चार्जिंगला टाकायची. दुकानदार काचेच्या नळीने आम्लाची घनता पाही, पाणी कमी झाले असेल तर डिस्टिल्ड वॉटर घाली आणि रात्रभर ती चार्जरला जोडून ठेवी. सकाळी ते धूड घेऊन पुन्हा चढ चढायचा. बांबूला अँटेना, ओट्यावर चौदा इंची कृष्णधवल संच आणि समोर सारी वाडी!

बॅटरी उतरू लागली की चित्र चारी कडांनी आकसू लागे. युद्ध ऐन रंगात यावे आणि रथ लहान लहान होत जावा, असा प्रकार. वीज ही मोजून मिळणारी वस्तू आहे, हे त्या प्रेक्षकांना वेगळे शिकवावे लागले नाही. काय पाहायचे ते आधी ठरे. ते संपले की संच बंद. घरी दिवसभर बडबडणारा टीव्ही असलेल्या आपण मंडळींनी याचा थोडा हेवा करायला हरकत नाही.

यामागचे गणित अवघड नाही. बारा व्होल्टांची चाळीस अँपिअर-अवरची बॅटरी घेतली तर तिच्यात सुमारे ४८० वॅट-अवर ऊर्जा असते. पण शिसे-आम्लाची बॅटरी तळापर्यंत उपसली की प्लेटांवर सल्फेटचा थर बसतो आणि तिचे आयुष्य घटते. म्हणून निम्मीच, म्हणजे २४० वॅट-अवर वापरावी. गाडीची बॅटरी तर यासाठी बनलेलीच नसते. तिचे काम इंजिनाला काही सेकंद जोरदार झटका देण्याचे. तास न् तास थोडी थोडी वीज देत राहायला जाड प्लेटांची किंवा ट्यूब्युलर बॅटरी लागते. थेट बारा व्होल्टांवर चालणारा छोटा कृष्णधवल संच दीड अँपिअरच्या आसपास वीज घेई. तो तेरा तास चाले. नळीचा रंगीत संच ऐंशी वॅट मागे आणि तो इन्व्हर्टरवरच चाले. त्याला तीन तासही पुरत नसत. आजचा चोवीस इंची एलईडी संच आणि सेट-टॉप बॉक्स मिळून पस्तीस वॅटांत भागते, म्हणजे जवळजवळ सात तास.

तरीही आपण काय करतो? बॅटरीतल्या बारा व्होल्टांच्या डीसीचे इन्व्हर्टरने २३० व्होल्टांचे एसी करतो आणि संचाच्या पोटात त्याचे पुन्हा डीसी करतो. पुण्याहून साताऱ्याला मुंबईमार्गे जाण्यातला हा प्रकार. प्रत्येक रूपांतरात काही ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. थेट बारा व्होल्टांवर चालणारे एलईडी संच मिळतात. फक्त ते घ्या म्हणून सांगणारा कोणी हवा.

टीव्ही ही चैन आहे, असे म्हणणाऱ्यांना एक आठवण द्यावीशी वाटते. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहाच्या मदतीने सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत शेती, आरोग्य आणि शिक्षणाचे कार्यक्रम पोचवण्याचा ‘साइट’ प्रयोग सरकारनेच केला होता. तेव्हा खेड्यातला टीव्ही हे विकासाचे साधन होते. वाडीतल्या माणसाने स्वतःच्या पैशाने बॅटरी आणली की तीच वस्तू चैन कशी होते? सरकारी दिव्याची वाट न पाहता त्याने आधी जगाशी जोडून घेतले, इतकाच त्याचा अर्थ.

आणि वाट तरी किती पाहायची? मुंबईचे दिवे समोर दिसत असताना घारापुरी बेटावर विजेची तार पोचायला २०१८ साल उजाडले. तीही साडेसात किलोमीटरच्या समुद्राखालच्या केबलमधून. त्याआधी तेथे संध्याकाळचे काही तास जनरेटरवर काढावे लागत. त्याच वर्षी २८ एप्रिलला मणिपूरमधले लैसांग गाव जोडले गेले आणि देशातले प्रत्येक गाव विद्युतीकृत झाल्याचे जाहीर झाले. मात्र सार्वजनिक जागांबरोबर दहा टक्के घरांत वीज पोचली की गाव विद्युतीकृत धरावे, अशी त्यामागची व्याख्या होती. उरलेल्या घरांसाठी २०१७ मध्ये ‘सौभाग्य’ योजना आली. तारेच्या आवाक्याबाहेरच्या घरांना तिच्यात २०० ते ३०० वॅटचे सौरसंच देण्याची तरतूद होती: पाच एलईडी दिवे, एक डीसी पंखा, एक डीसी प्लग आणि पाच वर्षांची देखभाल. तो प्लग पाहून मला बरे वाटले. दिव्यापलीकडेही माणसाला काही हवे असते, हे कुणाच्या तरी ध्यानात आले होते.

माझा मुद्दा त्या पाच वर्षांनंतरचा आहे. सौरपट्टी वीस-पंचवीस वर्षे टिकते. शिसे-आम्लाची बॅटरी मात्र तीन ते पाच वर्षांत थकते. पहिल्या काळात बसवलेल्या संचांची मुदत केव्हाच उलटली. त्यात प्रसारभारतीने २०२२ पर्यंत जमिनीवरची बहुतेक जुनी अ‍ॅनालॉग प्रक्षेपण केंद्रे बंद केली. बांबूवरच्या अँटेनाची जागा छत्रीने घेतली आणि बॅटरीवर बॉक्सचा भार वाढला. अशा घरात बॅटरी बसली की दिवा, पंखा आणि टीव्ही एकाच दिवशी मुके होतात. सरकारी तक्त्यात मात्र ते घर उजळलेलेच राहते.

म्हणून योजना आखणाऱ्यांनी घरे मोजण्याबरोबर तास मोजावेत. या घरात आज रात्री किती तास वीज होती आणि पाच वर्षांनी किती असेल, हा प्रश्न तक्त्यात आला पाहिजे. बॅटरी बदलण्याचा खर्च पहिल्या दिवसापासून अंदाजपत्रकात हवा. बाजाराच्या गावी बॅटरी तपासणारा, दुरुस्त करणारा आणि जुनीतले शिसे नीट परत घेणारा माणूस उभा करायला हवा. चार्जिंगच्या दुकानदाराने हे काम एके काळी कोणत्याही योजनेवाचून केले होते. वाडीतली माणसेही आपल्या वर्गणीचा वाटा उचलतील. रविवारच्या तासाभरासाठी त्यांनी तो उचललेला आहे.