वर्षा उसगावकर यांची वाटचाल आणि आपल्या मुली

२०२४ साली ‘बिग बॉस मराठी’च्या पाचव्या पर्वात वर्षा उसगावकर दिसल्या, तेव्हा पेडणे-डिचोलीतल्या घरांतही ‘आमच्या गोव्याची’ म्हणून कौतुक झाले. कौतुक करायलाच हवे. पण आपल्या दोन तालुक्यांतून अशी अभिनेत्री पुढे यायची असेल तर काय लागेल, याचाही विचार आपण करावा, असे आम्हांला वाटते.

उसगावकरांचा मूळ गाव फोंडा तालुक्यातला. प्रशांत दामले यांच्यासोबतच्या ‘ब्रह्मचारी’ नाटकाने त्या प्रेक्षकांना माहीत झाल्या. १९८७ साली सचिन पिळगावकर यांचा ‘गंमत जंमत’ आला, मग दूरदर्शनच्या ‘महाभारत’मधील उत्तरा, १९८९ चा ‘हमाल दे धमाल’, १९९३ चे ‘लपंडाव’ आणि हिंदीतला ‘तिरंगा’. २०२० साली सुरू झालेल्या ‘सुख म्हणजे नक्की काय असतं’ या मालिकेत त्या सासूच्या भूमिकेत आल्या. नायिकेचे वय सरल्यावर बहुतेकींची कामे आटतात. त्या टिकल्या, कारण नाटक, चित्रपट, मालिका असे माध्यम बदलायला त्या कचरल्या नाहीत.

त्यांच्या आधी बांदिवड्याच्या ज्योत्स्ना भोळे होत्या. १९३३ च्या ‘आंधळ्यांची शाळा’ नाटकात त्यांनी काम केले आणि १९४२ च्या ‘कुलवधू’ने घराघरांत पोचल्या. म्हणजे गोव्याच्या मुलींना रंगभूमी परकी नाही. मात्र दोघींनाही नाव मिळाले ते मुंबईत.

तेव्हा अडचण अंतराची होती. आता ती फारशी उरलेली नाही. १९९८ पासून कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावते, पेडण्याला स्थानक आहे. ५ जानेवारी २०२३ पासून मोपाहून विमाने उडतात. २००४ पासून इफ्फी पणजीत भरतो. तरीही आपल्या मुली मागे का?

आमच्या मते अडचण पहिल्या पायरीवर आहे. आपल्याकडे दशावतार जोमात आहे, पण त्यात स्त्रीपात्रे परंपरेने पुरुषच करतात. जत्रेच्या नाटकात शाळकरी मुलगी हौसेने उभी राहते, सगळे टाळ्या वाजवतात, आणि बारावीनंतर तिची तालीम बंद होते. रात्री उशिरा घरी कोण आणणार, लोक काय म्हणतील, पुढे पोटापाण्याचे काय, हे प्रश्न घरचे विचारतात. ते खोटे नाहीत. अभिनयात उत्पन्नाची हमी नसते, हे पालकांना ठाऊक आहे.

म्हणून मुलीला थेट मुंबईला धाडा, असे आम्ही म्हणत नाही. तिचे कॉलेज चालू राहू दे. पण तालमीची वेळ संध्याकाळी सातच्या आत ठेवता येते, ये-जा करायला गावातल्या दोन-तीन घरांनी मिळून गाडी करता येते. साखळीच्या रवींद्र भवनात नाटक लागले की कुटुंबाने तिकीट काढून जाता येते. कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेत उतरणाऱ्या आपल्या पथकांनी स्त्रीभूमिकेसाठी बाहेरची कलाकार शोधण्याआधी गावातल्या मुलीला विचारावे.

जिने गावातच पाच-सहा वर्षे रंगमंचावर काम केले आहे, ती उद्या मुंबईला गेली तरी रिकाम्या हाती जाणार नाही. आणि नाही गेली, तरी आपल्या उत्सवाचे नाटक तिच्यामुळे चांगले होईल. सभासदांनी यंदाच्या जत्रेपासूनच हे मनावर घ्यावे, ही विनंती.