कातडीचें दुखणें आणि गांवची नर्सबाई

"खरजेनें कोणी मेला आहे काय?" हा प्रश्न आपल्या गांवांत इतक्या सहज विचारला जातो कीं, त्यापुढें बोलण्यासारखें कांहीं उरतच नाहीं. खरजेनें सहसा कोणी मरत नाहीं, हें खरें. परंतु जो रात्रभर खाजवितो तो झोपत नाहीं. जो झोपत नाहीं तो सकाळीं कामावर पाय ओढीत जातो, आणि त्याचें पोर शाळेंत वहीवर मान टाकतें. जें दुखणें जीव घेत नाहीं तें गरिबानें मुकाट्यानें सोसावें, असा जणूं कायदाच झाला आहे. हा कायदा मोडावयाचा असेल तर आरोग्य उपकेंद्रांतील नर्सबाईस कातडीचे रोग ओळखण्याचें, साधे रोग बरे करण्याचें व रोग्यास धीर देण्याचें नीट शिक्षण मिळालें पाहिजे, असें माझें स्पष्ट मत आहे.

प्रथम माझीच चूक सांगतों. मी खेड्यांतला शाळामास्तर. कांहीं वर्षांपूर्वीं चौथींतल्या एका मुलाच्या बोटांच्या बेचक्यांत पुरळ उठला. शेजारचीं मुलें त्याच्याजवळ बसेनात. मीं बापास बोलावून सांगितलें, "बरा झाला म्हणजे पाठवा." बाप गवंडी, एका दिवसाची मजुरी बुडवून तालुक्यास जाणार कसा? त्यानें दुकानांतून मलमाची ट्यूब आणली. चार दिवस खाज दबली, मग दुप्पट झाली. पुढें आईस लागली, बहिणीस लागली, म्हाताऱ्या आजीस लागली. पोराचे दोन महिने बुडाले आणि वर्गांत त्यास एक टोपणनांव चिकटलें, तें येथें लिहवत नाहीं.

मग उपकेंद्रांत नवी बाई आली. तिनें पोराचा हात आपल्या हातांत घेतला. दोन महिन्यांत तो हात घराबाहेरच्या कोणीहि धरला नव्हता! तिनें उजेडांत बेचकीं पाहिलीं, मनगट पाहिलें, कंबर पाहिली आणि विचारलें, "घरांत आणखी कोणाकोणाला रात्रीं खाजतं?" घरच्या सातहि माणसांस एकाच रात्रीं मानेपासून तळपायापर्यंत पर्मेथ्रिनचें मलम लावावयास सांगितलें. सकाळीं आंघोळ, कपडे व अंथरुणें गरम पाण्यांत धुवून उन्हांत, आणि आठवड्यानें पुन्हां तसेंच. "किडे मेले तरी खाज दोनचार आठवडे राहते, भिऊन रोज मलम चोपडूं नका," हेंहि बजावलें. महिन्याभरांत घर मोकळें झालें.

मीं विचारलें, "बाई, हें कोठें शिकलात?" त्या म्हणाल्या, "कोर्सांत दोनचार तासांत उरकलं, गुरुजी. पुढं जिल्ह्याच्या दवाखान्यांत एका डॉक्टरबाईंच्या हाताखालीं पंधरा दिवस उभी राहिलें, तेव्हां डोळा बसला."

म्हणजे त्या घराचें सुख त्या पंधरा दिवसांवर टांगलेलें होतें! शेजारच्या गांवच्या बाईस ते पंधरा दिवस मिळाले नसतील, तर त्या गांवानें काय करावें?

आतां शिकवावयाचें काय तें पाहूं. पहिली गोष्ट डोळ्याची. पुस्तकांतल्या पुष्कळ चित्रांत रोग गोऱ्या कातडीवर दाखविलेला असतो. तेथें जो चट्टा लाल दिसतो तोच आपल्या सांवळ्या अंगावर काळसर, जांभळट किंवा राखी दिसतो. गोऱ्या चित्रांवर तयार झालेला डोळा काळ्या पाठीवर चुकतो. ज्यांची सेवा करावयाची त्यांच्याच कातडीवर शिक्षण द्या.

दुसरी गोष्ट त्या ट्यूबची. दुकानांतल्या पुष्कळ मलमांत स्टेरॉइड मिसळलेलें असतें. तें गजकर्णावर लावलें कीं खाज व सूज उतरते, परंतु बुरशी मरत नाहीं. ती दबून पसरते. पुढें महिनेच्या महिने औषध घ्यावें लागतें, आणि कातडी पातळ पडते ती वेगळीच. २०१८ सालीं सरकारनें अशीं मलमें डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास बंदी केली. पण कायदा कागदावर आणि ट्यूब फळीवर! हें समजावून सांगणारें माणूस गांवांतच पाहिजे.

तिसरी गोष्ट स्पर्शाची. कोड हा कोणास लागणारा रोग नव्हे. तरी कोड असलेल्या मुलीचें लग्न मोडतें. महारोगाचा चट्टा फिकट असून बहुधा त्या जागीं स्पर्श कळत नाहीं. कोडाच्या पांढऱ्या डागास स्पर्श कळतो. हा भेद ओळखणारी बाई एका घरची अब्रू वांचवील व दुसऱ्या घरचीं बोटें वांचवील. महारोगाचें औषध सरकारी दवाखान्यांत फुकट मिळतें व सहा महिने ते वर्षभरांत पुरें होतें. २००५ सालअखेर देशांत दहा हजारांत एकाहून कमी रोगी उरले, असें जाहीर झालें. पण रोग संपला नाहीं. नवे रोगी आजहि सांपडतात आणि उशीर झालेल्याचा हात वांकडा होतो.

चौथी गोष्ट धंद्याची. १९५० नंतरच्या दशकांत पुण्यांत प्रथम नजरेस आलेलें गाजरगवत आज बांधाबांधावर आहे. तें उपटणाऱ्याचें तोंड, मान व कोपरे चिडून उठतात. गवंड्याचे हात ओल्या सिमेंटनें भाजतात. अशा माणसास नुसतें मलम देऊन काय उपयोग? "काम कोणतें करतोस?" हें विचारून हातमोजे, स्वच्छ पाणी व तेल यांचा उपाय सांगणारी बाई हवी.

शिवाय आपल्या आयाबहिणींचा विचार करा. मांडीचें, कमरेचें, छातीखालचें दुखणें त्या पुरुष डॉक्टरास दाखवीत नाहींत. वर्षानुवर्षें पदराखालीं झांकतात. त्यांचें दार नर्सबाईच उघडूं शकते.

कोणी म्हणेल, बाईच्या डोक्यावर लसी, बाळंतपणें व रजिस्टरें यांचें ओझें आहेच. आणखी हें कशाला? सपाटीवर पांच हजार माणसांमागें एक उपकेंद्र आहे. ओझें खरेंच आहे. पण न ओळखलेली खरूज पुन्हां पुन्हां दारीं येते, ओळखलेली एकदांच येते. तिला डॉक्टर करा असें कोणी म्हणत नाहीं. पांचसहा रोग ओळखावे, साधे बरे करावे, अवघड वेळेवर पुढें पाठवावे, एवढेंच. आफ्रिकेंत टांझानियांतील मोशी येथें डॉक्टर नसलेल्या आरोग्यसेवकांस कातडीचे रोग शिकवून कामावर पाठवीत आलेले आहेत. मे २०२५ मध्यें जागतिक आरोग्य परिषदेनेंहि त्वचारोग हा जगाच्या आरोग्याचा अग्रक्रमाचा प्रश्न आहे, असा ठराव केला. मग आमच्याच गांवीं तो क्षुल्लक कसा?

म्हणून मागणें साधें आहे. नर्सिंगच्या दोन वर्षांच्या कोर्सांत प्रत्येक मुलीस त्वचारोगाच्या दवाखान्यांत कांहीं आठवडे प्रत्यक्ष उभें करा. कामावर असलेल्या बायांसहि पाळीपाळीनें बोलवा. आणि उपकेंद्रांत औषध एका रोग्यापुरतें न ठेवतां घरापुरतें ठेवा. घरांतला एक राहिला तर सगळ्यांस पुन्हां लागण होते. ग्रामसभेंत हें मागणें कोणीं तरी उभें राहून मांडलें पाहिजे.

१८९७ सालच्या प्लेगांत सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करतां करतां गेल्या. रोग्यास हात लावावयास त्या भ्याल्या नाहींत, आणि मी शिकलेला मास्तर एका पोराच्या खरजेस भ्यालों! आतां वर्गांत कोणी खाजवितांना दिसला तर मी त्यास घरीं पाठवीत नाहीं. त्याच्या आईस घेऊन उपकेंद्रांत जातों. पण तेथें बसलेल्या बाईस कोणीं शिकविलेंच नसेल, तर मी त्या आईस घेऊन जावें कोठें?